आरमारी खलाशांची घरची वाट

आरमारांचे इतिहास लिहिणारे ग्रंथकार तांडा बंदरांतून कसा निघाला, कोणत्या जहाजावर किती तोफा होत्या, वारा कोणत्या दिशेचा होता, हें मोठ्या हौसेनें सांगतात. लढाई संपली व शत्रूचें निशाण उतरलें, कीं त्यांची लेखणी थांबते. त्या जहाजांवरील हजारों माणसें पुढें आपापल्या गांवीं कशीं गेलीं, त्यांस कोणी नेलें, वाटखर्च कोणी दिला, किती जण वाटेंतच राहिले, याविषयीं ओळ-दोन ओळींपलीकडे सहसा कांहीं हातीं लागत नाहीं. ही उपेक्षा आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. सरकारच्या लेखीं चाकराची किंमत काय, हें भरतीच्या वेळच्या नगाऱ्यावरून कळत नाहीं. काम संपल्यावर त्याला घरच्या उंबऱ्यापर्यंत पोंचविण्याची काय तजवीज आहे, यावरून कळतें. आमचा कोणताही व्यापारी माल जहाजावर चढवितांना तो कोणत्या बंदरीं, कोणाच्या हातीं व कोणाच्या खर्चानें उतरावयाचा हें ठरविल्यावांचून कागदावर सही करीत नाहीं. खलाशाच्या बाबतींत मात्र मोठमोठ्या राज्यांनीं चढविण्याचाच करार केला, उतरविण्याचा केला नाहीं.

इंग्रजांचें आरमार दीर्घकाळ जगांत सर्वांत बलाढ्य होतें, त्याचे कागदपत्र विपुल आहेत, आणि आमच्या कोंकणच्या खलाशाचाही पुढें त्याच्याशीं संबंध आला. म्हणून त्याचाच दाखला घेऊं. सन १५८८ मध्यें स्पेनचें प्रचंड आरमार परतवून लावल्याबद्दल इंग्लंडांत घंटा वाजल्या. त्याच ऑगस्ट महिन्यांत ज्यांनीं तें परतविलें ते खलाशी मार्गेट बंदराच्या रस्त्यांवर रोगानें मरत होते. त्यांस निवाऱ्याला जागा मिळेना; पगार थकलेला, अंगावरचीं वस्त्रें विटलेलीं. सेनापति लॉर्ड हॉवर्ड यानें दरबारीं पत्रांमागून पत्रें लिहिलीं व शेवटीं पदरचे पैसे खर्चिले. राणी एलिझाबेथ हिची तिजोरी कांहीं सैल झाली नाहीं. पुढें जखमी खलाशांकरितां चॅटम येथें एक फंड निघाला खरा. पण तो खलाशांच्याच पगारांतून दरमहा कापून घेतलेल्या पेन्सांचा.

या घटनेस दहा वर्षें होत नाहींत तों इंग्लंडच्या पार्लमेंटनें घरीं जाणाऱ्या खलाशाविषयीं एक कायदा केला. तो वाचून वाचकांस आश्चर्य वाटेल. बंदरावर उतरलेल्या खलाशानें जवळच्या न्यायाधिकाऱ्याकडून एक परवाना घ्यावयाचा. त्यावर तो कोठें उतरला, कोणत्या गांवीं जाणार व किती दिवसांत पोंचणार हें लिहिलेलें असे. परवान्यावांचून, किंवा नेमलेली मुदत टळल्यावर, तो रस्त्यानें भटकतांना आढळला तर त्यास देहान्त शासन सांगितलेलें होतें. म्हणजे राष्ट्ररक्षकाला घरीं पोंचविण्याची जबाबदारी सरकारनें घेतली नाहीं, पण तो वेळेवर न पोंचल्यास फांशीं देण्याची घेतली! पायांत जोडा नाहीं, खिशांत पैसा नाहीं, वाट शंभर-दोनशें मैलांची, आणि भीक मागितली तर गुन्हा. खलाशी घरीं कसा जात असे या प्रश्नाचें त्या काळचें उत्तर हेंच, कीं पायीं, भीत भीत, लोकांच्या दारांवरून.

पैशाचा खोळंबा हा दुसरा अडथळा. सतराव्या शतकांत पगार रोख मिळत नसे. जहाजावरून सुटतांना हातावर एक चिठ्ठी ठेवीत. तिचे पैसे लंडनच्या कचेरींत, तेंही तिजोरींत असतील तेव्हां. पोर्टस्मथला उतरलेला, बायकापोरांच्या ओढीनें व्याकुळ झालेला माणूस लंडनला जाऊन महिनोन्‌महिने दार ठोठावीत बसणार कसा? तो ती चिठ्ठी बंदरावरच्या सावकाराला मोठा बट्टा देऊन विकी आणि उरल्या पैशांत घरची वाट धरी. आरमाराच्या कचेरीचा चिटणीस सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशींत या चिठ्ठ्यांचें रडगाणें ठिकठिकाणीं आहे. सन १६६७ च्या जूनमध्यें डच आरमार मेडवे नदींत शिरून इंग्रजांचीं जहाजें जाळूं लागलें, तेव्हां शत्रूच्या जहाजांवरून इंग्रजी भाषेंतच आरोळ्या आल्या, कीं पूर्वी आपण कागदांकरितां लढत होतों, आतां रोकड्या नाण्याकरितां लढतों, अशा अर्थाची नोंद त्यानें केली आहे. बट्ट्याच्या धंद्यानें केवळ खलाशीच नागवला असें नव्हे, राज्यही नागवलें. वेळच्यावेळीं पगार मिळावा व त्यांतून घरीं रक्कम पाठवितां यावी असा कायदा व्हावयास १७५८ साल उजाडलें.

परंतु पैसे घरीं पोंचूं लागले तरी माणूस पोंचत नव्हता. अठराव्या शतकांत युद्ध सुरू असतां खलाशाला किनाऱ्यावर सोडण्याचीच अधिकाऱ्यांस भीति वाटे, कारण सोडलेला परत येईल याची खात्री नसे. आणि ती नसे याचें कारण त्यास धरूनच आणलेला असे. जहाज बंदरांत दुरुस्तीला लागलें, कीं त्यावरील माणसें तशींच्या तशीं दुसऱ्या जहाजावर चढवीत. गांवाचा किनारा डोळ्यांना दिसावा, वाऱ्याबरोबर चुलीच्या धुराचा वास यावा, आणि पुन्हां तीन वर्षांकरितां वेस्ट इंडीजचा रस्ता धरावा, असे प्रसंग शेंकड्यांनीं घडले. व्यापारी जहाजांवरील खलाशांची दशा याहूनही वाईट. मुंबई किंवा कँटनची फेरी करून वर्ष-दीड वर्षानें परतणारें कंपनीचें जहाज इंग्लंडच्या खाडींत शिरलें, कीं आरमाराच्या होड्या त्याला गांठीत व त्यांतील धडधाकट माणसें तेथल्यातेथें उचलून नेत.

हा जाच केवळ गरिबांसच होता असेंही नाहीं. ट्रफाल्गारच्या लढाईंत नेल्सनच्या मृत्यूनंतर ज्यानें आरमाराचें आधिपत्य केलें तो कॉलिंगवुड १८०३ मध्यें घरून निघाला, तो पुन्हां घरीं गेलाच नाहीं. दोन मुली त्याच्यामागें लहानाच्या मोठ्या झाल्या. आपणांस मोकळें करावें असें तो लिही. तुमच्यावांचून चालणार नाहीं असें वरून उत्तर येई. अखेर १८१० च्या मार्चमध्यें परवानगी मिळून तो मिनोर्का बेटाहून निघाला व दुसऱ्याच दिवशीं जहाजावर मरण पावला. सेनाधिपतीची ही कथा, तेथें डोलकाठीवर चढणाऱ्या पोराची कोण विचारतो?

१७९७ च्या एप्रिलांत स्पिटहेड येथें खलाशांनीं नांगर उचलण्याचें नाकारलें, त्या वेळच्या त्यांच्या मागण्या आम्हीं मुद्दाम पाहिल्या. सुमारें दीडशें वर्षें न वाढलेला पगार वाढवावा, अन्न पुरें मिळावें, आजाऱ्यांची शुश्रूषा व्हावी. आणि यांच्या जोडीला, बंदरांत असतां किनाऱ्यावर जाण्याची मोकळीक असावी. बंडखोर म्हणून ज्यांस फांशीं देतां आलें असतें, त्यांनीं मागून मागून काय मागितलें, तर घरच्या मातीवर पाय ठेवण्याची परवानगी! पगार व अन्न यांबद्दल सरकारनें मान तुकविली; किनाऱ्याबद्दल हात आंखडता घेतला. मग १८१५ मध्यें नेपोलियन पडला, आणि ज्यांस वीस वर्षें सुटी द्यावयास सवड नव्हती त्यांस एकदम सुटी मिळाली. सुमारें १ लक्ष ४० हजारांचें आरमार दोन वर्षांत वीस हजारांच्या आसपास आणलें. आधीं घरीं जाऊं देत नव्हते, नंतर जहाजावर राहूं देईनात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून व्यवस्था सुधारूं लागली. १८५३ मध्यें एकेका जहाजापुरती भरती करण्याची जुनी पद्धत मागें पडून दहा वर्षांच्या सलग चाकरीचा करार आला. खलाशी आतां ठराविक काळाचा नोकर झाला. परदेशच्या ठाण्यावर जहाज तेथेंच ठेवून त्यावरील माणसें तेवढीं तीन-चार वर्षांनीं बदलावयाचीं ही रीतही रूढ झाली. ‘टेमार’ व ‘हिमालय’ यांसारखीं सरकारी वाहतुकीचीं जहाजें नवीं माणसें घेऊन जात व जुनीं घेऊन येत. हिंदुस्थानाकरितां १८६६-६७ च्या सुमारास ‘सेरापिस’, ‘क्रॉकोडाइल’, ‘युफ्रेटिस’, ‘जमना’ व ‘मलबार’ अशीं पांच मोठीं जहाजें मुद्दाम बांधलीं. तीं मुख्यतः पलटणी वाहण्याकरितां होतीं, पण चालवीत तीं आरमाराचेच लोक. सुवेझचा कालवा १८६९ मध्यें खुला झाला. त्यापूर्वी मुंबईहून सुवेझपर्यंत एका जहाजानें, तेथून आगगाडीनें अलेक्झांड्रियास, व तेथून दुसऱ्या जहाजानें पोर्टस्मथला, असा तीन तुकड्यांचा प्रवास असे. घरीं निघालेल्या युद्धनौकेच्या मुख्य डोलकाठीवर एक लांबच लांब अरुंद पताका चढविण्याची चाल होती. मुदत जितकी लांबलेली, तितकी पताका लांब. बंदरांतील इतर जहाजांवरचे लोक ती पाहून आपले दिवस मोजीत असतील यांत नवल नाहीं.

बंदरावर उतरल्यावरचा धोका मात्र जुनाच होता. तीन वर्षांचा पगार एकरकमी खिशांत, समोर गोदीचा दरवाजा, आणि दरवाजापासून स्टेशनापर्यंत दारूच्या गुत्त्यांची रांग. घराकडे निघालेला खलाशी तेथेंच आठवडाभर बुडून जाई व रिकाम्या खिशानें पुन्हां नांव नोंदवी. हें पाहून ॲग्नेस वेस्टन या बाईनें १८७६ मध्यें डेव्हनपोर्टच्या गोदीसमोरच खलाशांकरितां विश्रामगृह काढलें. स्वच्छ बिछाना, गरम जेवण, दारू नाहीं. जें काम सरकारच्या ध्यानांत तीनशें वर्षांत आलें नव्हतें, तें एका अविवाहित बाईनें वर्गणीच्या पैशांवर उभें केलें. स्त्रियांस सार्वजनिक कामांत काय कळतें असें अजूनही पुटपुटणाऱ्या मंडळींनीं याचा विचार करावा.

तरी समुद्र तो समुद्रच. १८७८ च्या मार्चच्या २४ तारखेस बर्म्युडाहून परतणारें ‘युरिडिसी’ हें शिक्षणनौकेचें जहाज वाइट बेटाच्या किनाऱ्याजवळ बर्फाच्या वादळांत सांपडून उलटलें. पोर्टस्मथ बंदर कांहीं तासांवर राहिलें होतें. तीनशेंहून अधिक माणसें गेलीं, वांचले दोन. यास दैव म्हणतां येईल. आतां ज्या घटनेकडे वाचकांचें लक्ष आम्हांस मुख्यत्वें वेधावयाचें आहे, तीस दैव म्हणतां येणार नाहीं.

स्कॉटलंडच्या वायव्येस लुईस नांवाचें बेट आहे. वस्ती त्या वेळीं सुमारें तीस हजार. लोक कोळी व शेतकरी, भाषा गेलिक. पहिल्या महायुद्धांत या एका बेटानें सहा हजारांच्या वर माणसें दिलीं. त्यांत आरमारी राखीव दलाचे खलाशी पुष्कळ. नोव्हेंबर १९१८ मध्यें युद्ध थांबलें व नव्या वर्षाचा सण घरीं करावा म्हणून सुटी मिळाली. ३१ डिसेंबरच्या सायंकाळीं दक्षिणेकडच्या आगगाड्या खलाशांनीं भरून काइल या बंदरीं आल्या. नेहमींची टपालाची आगबोट ‘शीला’ हां हां म्हणतां भरली. उरलेल्यांकरितां आरमारानें ‘आयोलेर’ नांवाची एक नौका धाडली. आयोलेर म्हणजे गेलिक भाषेंत गरुड. मूळची ती श्रीमंतांच्या सहलीची बोट. तीवर सुमारें २८० माणसें चढलीं. पुढें चौकशींत निघालें तें असें, कीं तीवर होड्या शंभर माणसांपुरत्या व तरंगण्याचे पट्टे ऐंशी होते.

रात्र काळोखी, वारा चढता. स्टॉर्नोवे बंदराचे दिवे दिसूं लागले. धक्क्यावर आप्त वाट पाहत होते, घरोघर चुली पेटलेल्या होत्या. १ जानेवारी १९१९ रोजीं रात्रीं दोनच्या सुमारास, बंदराच्या तोंडापासून मैलभरावर, ‘बीस्ट्स ऑफ होम’ या नांवाच्या खडकांवर नौका आदळली. किनारा हाकेच्या अंतरावर होता. पण अंगावर आरमाराचा जड पोशाख, पायांत जड बूट, व मध्यें उसळतें पाणी. नेस गांवचा जॉन मॅक्लाउड हा होड्या बांधणारा कारागीर दोर घेऊन पाण्यांत शिरला व कसाबसा खडकावर पोंचला. त्या दोराच्या आधारें चाळीसच्या आसपास जीव वांचले. एक जण डोलकाठीला मिठी मारून सकाळपर्यंत तगला. २०१ गेले, ७९ राहिले. चार वर्षें पाणबुड्या व सुरुंग यांतून जे सुखरूप निभावले, ते स्वतःच्या बेटाच्या दारांत बुडाले. आणि नाताळांत घेतलेलीं खेळणीं किनाऱ्यावर वाहून आलीं असें तेथील लोक सांगत.

आरमारानें आपली चौकशी दार लावून केली, आणि एकही अधिकारी जिवंत नाहीं या कारणानें दोष कोणाकडेही दिला नाहीं. बेटावरच्या लोकांचें एवढ्यानें समाधान होईना. फेब्रुवारींत उघड चौकशी झाली. ज्यूरीनें स्पष्ट सांगितलें, कीं अधिकाऱ्यांनीं बंदरांत शिरतांना पुरेशी सावधगिरी ठेविली नाहीं, वेग कमी केला नाहीं, पुढें टेहळणीस माणूस नव्हता, होड्या व पट्टे अपुरे होते. दारूचा प्रवाद उठला होता, तो पुराव्यानें खोटा ठरला. ज्यूरीच्या शिफारशींत शेवटची अशी, कीं यापुढें खलाशी व शिपाई यांच्या प्रवासाची पुरेशी व सुरक्षित सोय सरकारनें करावी. तीनशेंतीस वर्षांपूर्वी मार्गेटच्या रस्त्यावर जी मागणी हॉवर्डनें केली, तीच एका दूरच्या बेटावरच्या ज्यूरीस पुन्हां लिहावी लागली.

आणि सोय करतां येत नव्हती असें म्हणावें, तर त्याच युद्धांत लंडनहून स्कॉटलंडच्या उत्तर टोंकाला थर्सोपर्यंत, म्हणजे ७१७ मैल, खलाशांची खास आगगाडी १९१७ पासून धांवत होती. आरमारास तयार ठेवावयाचें असलें, कीं गाडी निघे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेनें तर विमानवाहू जहाजांच्या पोटांत एकावर एक खाटा ठोकून आपले लोक परत आणिले. ‘सॅराटोगा’ या एकाच जहाजानें २९,२०४ माणसें आणिलीं, व १९४५-४६ च्या मोहिमेंत एकंदर संख्या ऐंशीं लाखांवर गेली. मात्र तेथेंही शेवटचा टप्पा अडखळलाच. १९४५ च्या नाताळांत पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत हजारों लोक उतरून बसले होते, कारण पुढें नेण्यास आगगाड्या पुरेनात.

आतां आपल्या किनाऱ्याकडे पाहूं. आंग्र्यांच्या काळीं हा प्रश्न असा उभाच राहिला नव्हता. पावसाळ्यांत गलबतें किनाऱ्यावर ओढून ठेवीत; खलाशी शेतीला घरीं असे व नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां पाण्यावर जाई. दूरदेशींची चाकरी आली ती कंपनीबरोबर. तेव्हांपासून हिंदी आरमाराच्या भरतीचा मुख्य आधार रत्नागिरी जिल्हा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी दोन हजारांहून लहान असलेलें हें दल युद्धकाळांत पंचवीस हजारांच्या वर गेलें व देशाच्या सर्व प्रांतांतून माणसें आलीं. ‘सतलज’ व ‘जमना’ हीं जहाजें १९४३ मध्यें सिसिलीपर्यंत गेलीं. परतल्यावर पंजाबच्या मुलाला मुंबईस आगगाडी होती. कोंकणच्या मुलाला ती नव्हती. कोंकण रेल्वे पुरी व्हावयास १९९८ साल लागलें. त्याची वाट भाऊच्या धक्क्यावरून. किनाऱ्यानें जाणारी आगबोट, गांवाच्या समोर समुद्रांतच थांबा, तेथून पडावांत उतरणें, मग गुडघाभर पाण्यांतून वाळूवर, पुढें डोंगर चढून घर. पावसाळ्यांत बोटी बंद. ज्या जिल्ह्यानें राज्याला पिढ्यान्‌पिढ्या खलाशी दिले, त्या जिल्ह्याची वाट सर्वांत बिकट.

आणि ती वाट निर्धोक नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशीं बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं, दीपअमावास्येच्या दिवशीं, रेवसला निघालेली ‘रामदास’ मुंबईजवळच कलंडली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं; वांचलीं त्यांपैकीं पुष्कळ कोळ्यांच्या होड्यांनीं वांचविलीं. लुईस बेटाची कथा वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें रेवसचा धक्का उभा राहतो, तो यामुळें.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईस ‘तलवार’ ठाण्यावर खलाशांचा उठाव झाला. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका वगैरे राजकीय मागण्यांचाच उल्लेख आतां होतो; पण त्याच यादींत लवकर सुटी मिळावी, सुटीनंतर कामधंद्याची सोय व्हावी, घरीं जातांना अंगावरचे कपडे काढून घेऊं नयेत, याही मागण्या होत्या. सहा वर्षें चाकरी करून गणवेष उतरवून ठेवून गांवांत शिरावयाचें, हें त्या तरुणांस सहन होईना. उठाव मोडल्यावर शेंकडों खलाशी नोकरींतून काढले गेले. त्यांची घरची वाट कशी झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

व्यापारी जहाजांवरील खलाशांस परतीचा प्रवास हा हक्क म्हणून मिळावा, याविषयीं जिनीव्हा येथें १९२६ मध्येंच आंतरराष्ट्रीय करार झाला. २००६ च्या सागरी कामगार करारानें तो अधिक कडक केला व भारतानें त्यास २०१५ मध्यें मान्यता दिली. युद्धनौका त्यांतून वगळल्या आहेत. तरीही २०२० च्या साथीच्या वर्षीं सुमारें चार लक्ष खलाशी मुदत संपूनही जहाजांवरच अडकले, कारण बंदरांनीं त्यांस उतरूं दिलें नाहीं. मालाला बंदरें खुलीं होतीं, माणसाला नव्हतीं. मालकानें जहाज वाऱ्यावर सोडलें तर खलाशास घरीं पोंचविण्याचा खर्च व चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यांतून मिळावा, असा नियम २०१७ पासून अमलांत आहे. त्या विम्याचा दाखला जहाजावर सर्वांच्या नजरेस पडेल अशा जागीं लावावा लागतो. तो इंग्रजींत असतो. रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग येथून आपला मुलगा जहाजावर धाडणाऱ्या वडिलांनीं दलालाच्या हातीं पैसे ठेवण्यापूर्वी त्याजवळ मुंबईच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे कीं नाहीं हें पाहावें. आणि करारांतील परतीच्या प्रवासाचें कलम कोणाकडून तरी मराठींत समजून घेऊन, तो प्रवास मुंबईपर्यंतचा लिहिला आहे कीं गांवापर्यंतचा, हें सही होण्याआधीं विचारावें.